काळं स्केचपेन आणि उशीखालची बिस्किटं

प्रश्न: माझी मुलगी आठ वर्षांची, तिसरीत आहे. अकरा महिन्यांपूर्वी तिला टाइप १ डायबेटिस निघाला. दिवसातून चार वेळा इन्सुलिन पेन टोचावं लागतं. ती रडत नाही, हट्ट करत नाही. काही विचारलं की ‘काही नाही’ म्हणते. गेल्या महिन्यात शाळेत ‘माझं कुटुंब’ असं चित्र काढायला सांगितलं होतं. त्यात आम्ही दोघं आणि तिचा धाकटा भाऊ मोठे, रंगीबेरंगी आहोत. ती स्वतः मात्र कोपऱ्यात, एवढीशी, आणि सगळी काळी. बाईंनी मला बोलावून चित्र दाखवलं. नात्यातले एक जण म्हणाले, काळा रंग म्हणजे डिप्रेशन. त्यातच तिच्या उशीखाली बिस्किटांचे पुडे सापडले आणि मी तिला खूप बोलले. चित्रांवरून मुलांच्या मनातलं खरंच कळतं का? कळत असेल तर घरी काय करू?
— एक आई, सांगली

ताई,

तुमच्या पत्रातली काळजी रास्त आहे, पण आधी मनावरचं एक ओझं उतरवा. एका चित्रावरून, तेही एका रंगावरून, डिप्रेशन ठरत नाही. पोरं काळा रंग घेतात याची कारणं बहुतेक वेळा अगदी साधी असतात. डब्यातली बाकीची स्केचपेनं सुकलेली असतात. केस काळे म्हणून काळं हातात घेतलं आणि तेच पुढे चालू ठेवलं. तास संपत आला म्हणून रंगवायचं राहिलं आणि नुसती रेघ उरली. कोपऱ्यातल्या छोट्या आकृतीचंही तसंच. आई, बाबा, भाऊ आधी काढून झाले आणि स्वतःची पाळी आली तेव्हा कागदच उरला नाही, असं कितीतरी चित्रांत होतं. म्हणून तिला एवढंच विचारा, ‘यात सगळ्यांत आधी कोणाला काढलंस? मग कोणाला?’ ती स्वतः शेवटी आली असेल, तर निम्मं कोडं तिथेच सुटेल.

मुलांच्या चित्रांचा अभ्यास जुना आहे. फ्लॉरेन्स गुडइनफ यांची ‘माणसाचं चित्र काढ’ ही चाचणी १९२६ सालची, आणि ती मुलाची बौद्धिक वाढ अजमावण्यासाठी होती. भावनांचा शोध त्यात नंतर शिरला. हात नाहीत म्हणजे असहाय, डोळे मोठे म्हणजे संशयी, असे एकेका खुणेचे अर्थ लावले जाऊ लागले. पुढे हे अर्थ तपासले गेले तेव्हा त्यांतले फारसे टिकले नाहीत. एकेका खुणेवरून दुःखी मूल आणि सुखी मूल भरवशाने वेगळं काढता येत नाही. तुमच्या नातेवाइकांनी सांगितलं ते याच जुन्या समजुतीचं शेपूट आहे.

मग चित्रांचा उपयोग काय? खूप आहे, पण तो वेगळ्या जागी आहे. आठ वर्षांच्या मुलीला ‘तुला आजाराबद्दल काय वाटतं?’ असं समोर बसवून विचारलं तर ‘काही नाही’ हेच उत्तर येणार. तिच्याकडे त्यासाठी शब्द नसतात, आणि आई रडेल ही भीतीही असते. हात कागदावर चालत असले, नजर खाली असली, की तीच मुलगी सहज बोलते. शरीराला काय होतं हे सांगायला तर चित्र फारच कामी येतं. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २२६ मुलांना डोकं दुखतं तेव्हा कसं वाटतं त्याचं चित्र काढायला सांगितलं होतं. नुसत्या चित्रांवरून मायग्रेन आहे की नाही याचा जो अंदाज बांधला, तो डॉक्टरांच्या निदानाशी बहुतांश जुळला. म्हणजे ‘आत काय होतंय’ हे मूल कागदावर नेमकं दाखवू शकतं. ‘या रंगाचा अर्थ काय’ हे मात्र आपण परस्पर ठरवायचं नसतं. ते तिच्याकडूनच ऐकायचं.

आता तयारी. आठवड्यातून एकदाच, वीस ते तीस मिनिटं. शाळेतून आल्यावर खाणं-पिणं झालं की चांगली वेळ. टोचल्या टोचल्या नको, गृहपाठाच्या मध्येही नको. साधे पांढरे ए-४ कागद घ्या. पाठकोरे नकोत, मागची छपाई दिसली की चित्राची किंमत कमी होते असं मुलांना वाटतं, आणि ती मागची बाजू तुम्हाला लिहायला लागणार आहे. मेणखडू आठ-दहा रंगांचे पुरेत, पण सगळे चालणारे हवेत, काळा आणि तपकिरीसुद्धा. पेन्सिल आणि खोडरबर द्या. काय खोडलं हेही कधी कधी सांगण्यासारखं असतं. तुम्ही समोर बसू नका, शेजारी बसा, आणि तुमच्याही हातात कागद असू द्या, म्हणजे ती परीक्षेला बसल्यासारखी बसणार नाही. धाकट्याला लुडबुड करायची असेल तर त्याचा वेगळा कागद, वेगळे खडू.

एक गोष्ट डायबेटिस असलेल्या मुलांसाठी खास लक्षात ठेवा. चित्र काढता काढता रेघ थरथरायला लागली, ती उगाच चिडली, घाम फुटला किंवा एकदम गप्प झाली, तर त्यात मनातला अर्थ शोधत बसू नका. आधी बोटातून साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापाने ग्लुकोज द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. चित्र दुसऱ्या दिवशी.

पहिल्या आठवड्याला अंगाचा नकाशा करा. यात मुलांना मजा येते आणि हाती लगेच काही लागतं. दुकानात बावीस बाय अठ्ठावीस इंचांची कार्डशीट मिळते. दोन शीट लांबी वाढेल अशा, एकीखाली एक, चिकटपट्टीने जोडल्या की जवळजवळ एकशे चाळीस सेंटिमीटर लांबी होते, आठ वर्षांच्या मुलीला पुरते. तिला त्यावर उताणं झोपवा, हात अंगाशी थोडे सुटे, आणि डोक्यापासून सुरुवात करून पेन्सिलने बाहेरून रेघ मारत या. आधी विचारा, ‘रेघ मारू का?’ काही मुलांना मांड्यांजवळ पेन्सिल आलेली आवडत नाही, तो भाग नंतर अंदाजाने जोडा. झोपायलाच नको म्हणाली, तर ए-४ वर माणसाची साधी बाह्यरेखा काढून द्या, तीही चालते. पाठीमागची बाजू हवी असेल तर दुसरा कागद.

मग तिला तीन रंग निवडू द्या: एक ‘खूप दुखतं’चा, एक ‘थोडं दुखतं’चा, एक ‘काहीच होत नाही’चा. रंग तिनेच निवडायचे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या नर्स-संशोधक जो ईलंड यांनी मुलांच्या वेदना विचारण्यासाठी जी पद्धत रूढ केली तिचं मर्मच हे आहे की दुखण्याचा रंग मूल ठरवतं. तुमच्या मुलीचा ‘खूप दुखतं’चा रंग गुलाबी निघाला तर तो गुलाबीच. (काळा ‘काहीच होत नाही’ साठी निवडला, तर त्या कौटुंबिक चित्राबद्दल किती वेगळं वाटेल बघा.) आता सुई कुठे कुठे टोचतो तिथे तिला ठिपके रंगवू द्या, साखर तपासायला टोचतो त्या बोटांवरसुद्धा.

या नकाशात एक गोष्ट जरूर बघा. ‘काहीच होत नाही’चे ठिपके एकाच जागी दाटीने आले आहेत का, समजा बेंबीच्या डाव्या बाजूला किंवा एकाच मांडीवर? मुलं न रडता टोचून घेतात त्याचं एक कारण हे असतं की त्यांनी न दुखणारी जागा शोधून काढलेली असते आणि रोज तीच पुढे करतात. तीच तीच जागा टोचली की कातडीखालची चरबी जाड होते, गाठ येते, तिथे दुखणं कमी होतं, म्हणून पुन्हा तीच जागा. एक सुई बऱ्याच वेळा वापरली तर हे लवकर होतं. त्या गाठीतून इन्सुलिन कधी कमी, कधी उशिरा शोषलं जातं आणि साखर विनाकारण वरखाली होते. आंघोळीनंतर त्या जागेवरून बोटांची टोकं हलकेच फिरवून बघा, रबरासारखं जाड लागतं का. लागलं तर डॉक्टरांना दाखवा आणि जागा बदलण्याआधी डोसबद्दल विचारा. गाठीची जागा सोडून निरोगी जागी तेवढंच इन्सुलिन दिलं तर ते पूर्ण लागू पडतं आणि साखर एकदम खाली येऊ शकते. डॉक्टरांनी सांगितलं की पुढे तोच नकाशा भिंतीला लावा. रोजच्या जागेवर तिने तारीख टाकायची, नवा ठिपका जुन्यापासून बोटभर लांब. टोचण्याची जागा ठरवायचं काम तिच्या हातात आलं की टोचून घेणं पुष्कळ सोपं जातं.

दुसऱ्या आठवड्याला, ‘साखर कमी होते तेव्हा आत काय होतं ते काढ.’ मुलं पोकळ पाय काढतात, डोळ्यांपुढे जाळी काढतात, पोटात भोवरा काढतात. तिने जे काढलं त्याला तिचाच शब्द द्या. ती ‘भोवरा’ म्हणाली तर घरात तोच शब्द रूढ करा. ‘बाई, भोवरा होतोय’ हे शाळेत पटकन बोलता येतं, ‘हायपोग्लायसेमिया’ येत नाही. तिची हरकत नसेल तर या चित्राची प्रत वर्गशिक्षिकेला आणि डॉक्टरांना द्या.

तिसऱ्याला पावसातला माणूस. ‘पावसात उभा असलेला एक माणूस काढ’ हा व्यायाम जगभर वापरतात. पाऊस म्हणजे ताण आणि छत्री, रेनकोट, आडोसा म्हणजे आधार, अशी त्यामागची कल्पना. छत्री नसेल तर मूल निराधार असं पुस्तकी वाचन काही जण करतात. ते आपल्याकडे जसंच्या तसं लावू नका. पहिल्या पावसात भिजायला धावणाऱ्या मुलांचा हा मुलूख आहे. छत्री नसलेली मुलगी हसत उड्या मारत असेल तर ती मजेत आहे. म्हणून छत्री मोजायची नाही, विचारायचं: ‘हिला हा पाऊस आवडतो का? किती वेळ पडतोय? थंडी वाजली तर ही कुठे जाईल? घरून कोणी घ्यायला येईल का?’ आजार कसा निभावते आहे हे या उत्तरांत सापडतं. मदत मागता येते का, वाट बघते, पळते, की स्वतःच पिशवीची टोपी करते. मुलं ताण निभावतात त्याचे मार्ग बरेच असतात. कोणी सगळं विचारून घेतं, कोणी चेष्टा करतं, कोणी टोचताना आकडे मोजतं, कोणी बाप्पाचं नाव घेतं, कोणी लक्ष दुसरीकडे लावतं. यांतला कुठलाही मार्ग वाईट नाही. एकही नसेल तर काळजी करायची.

चौथा प्रकार उशीखालच्या बिस्किटांकडे नेतो. ए-४ कागदाला आडवी आणि उभी घडी घाला, चार घरं होतील: सकाळ, शाळा, संध्याकाळ, झोपताना. प्रत्येक घरात ‘डायबेटिस असलेली एक मुलगी’ काय करते ते काढायचं. ‘तू’ म्हणू नका, ‘ही मुलगी’ म्हणा. तिसऱ्या कोणाची गोष्ट म्हणून मुलं खरं बोलतात. एकेक घर झालं की विचारा, ‘हिला इथे कशाची मदत होईल?’

झोपतानाच्या घराकडे नीट बघा. उशीखालच्या बिस्किटांना तुम्ही चोरी समजलात, आणि ती गोडाची ओढही असू शकते, पोटात खरीच भूकही असू शकते. पण टाइप १ असलेल्या मुलांमध्ये आणखी एक शक्यता असते: रात्री झोपेत साखर कमी झाली आणि आई उठली नाही तर? एकदा जरी रात्री घाम फुटून जाग आली असेल, तर ही भीती मनात घर करते. मग बिस्किटं ही तिने स्वतःसाठी केलेली सोय ठरते. अंधार, एकटी मुलगी, बंद दार असं काही त्या घरात आलं तर हळूच विचारा, ‘हिला रात्री कशाची भीती वाटते? हिने जवळ काय ठेवलंय?’ बिस्किटांचा विषय तुम्ही काढू नका, तिला काढू द्या.

बोलताना काही वाक्यं टाळा. ‘हे काय काढलंयस?’ म्हटलं की चित्र जमलं नाही असा अर्थ होतो. ‘असं का काढलंस?’ म्हटलं की जाब होतो. ‘छान!’ हेसुद्धा जपून. पुढच्या वेळी ती छान म्हणवून घेण्यासाठी काढेल. त्याऐवजी ‘याच्याबद्दल सांग ना’, ‘इथे काय चाललंय?’, ‘मग पुढे काय होतं?’ एवढं पुरे. तिने काही सांगितलं की तिचाच शब्द परत म्हणा. ‘भोवरा?’ आणि मनात दहापर्यंत मोजा. आईला शांतता सोसवत नाही, पण खरी गोष्ट बहुधा त्या दहामध्येच बाहेर येते. तिने भीतीचं काही सांगितलं तर लगेच ‘अगं काही होत नाही’ म्हणून झाकण घालू नका. ‘असं वाटतं होय’ म्हणा आणि थांबा. तिचे शब्द, जसेच्या तसे, कागदाच्या मागे तारखेसह लिहून ठेवा. तुमचा अर्थ लिहू नका.

बहुतेक घरी गाडी कुठे अडते तेही सांगतो. पहिल्यांदा ती कदाचित दोन डोंगर, मधून सूर्य, झोपडी, नारळाचं झाड आणि नदी काढेल. चित्रकलेच्या तासाला पाठ झालेलं दृश्य. ते ‘आज नको’ असं सांगणं असतं. ओढून काढू नका, तिच्या शेजारी बसून तुम्हीही डोंगर काढा. दुसरी चूक म्हणजे उत्साहाच्या भरात रोज चित्र. आठवडाभरात तो गृहपाठ होतो. तिसरी, चित्र पाहुण्यांना दाखवणं, व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला टाकणं. एकदा तसं झालं की पुढे तुम्हाला फक्त डोंगर-सूर्यच मिळेल. चित्र तिचं आहे, डॉक्टरांना दाखवायलाही तिला विचारून न्यायचं.

एखाद्या चित्रात गुलाबजामवर किंवा चॉकलेटवर लाल फुली आली तर मात्र थांबून विचारा, ‘हिला हा आजार कशामुळे झाला असेल?’ या वयात मुलांना आजार म्हणजे शिक्षा वाटते, आणि आपल्याकडे ‘गोड खाऊन खाऊन साखर झाली’ हे कोणीतरी घरात बोललेलंच असतं. तिला त्याच वेळी सरळ सांगा: टाइप १ गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी चुकून पोटातल्या स्वादुपिंडावर उलटल्या आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी त्यांनी मोडल्या. यात तिची चूक नाही, आईची नाही, आजीची नाही. शक्य असेल तर हे चित्र काढून सांगा. आणि हे आजी-आजोबांच्या समोर सांगा.

पाच-सहा आठवड्यांनी सगळे कागद तारखेने लावून बघा. आकृतीचा आकार किंवा रंग नको, गोष्ट बघा. मदतीला येणारं कोणी चित्रात दिसू लागलं का? इन्सुलिनचं पेन कोणाच्या हातात आहे? मुलगी काही करते आहे की तिला केलं जातंय? गोष्ट पुढे सरकते की दर वेळी त्याच जागी अडते?

तज्ज्ञांकडे कधी जायचं हे ठरवताना चित्रापेक्षा बोलणं आणि वागणं धरा. ‘मी नसते तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचं काही ती बोलली किंवा चित्रातल्या मुलीकडून बोलवून घेतलं, तर पुढच्या आठवड्याची वाट बघू नका. कोणी मारतं, नको तिथे हात लावतं असं निघालं तरीही. दोन आठवड्यांहून जास्त झोप, जेवण किंवा शाळा बिघडली असेल, इन्सुलिन चुकवते किंवा घेतल्याचं खोटं सांगते असं दिसलं, कारण नसताना साखर सतत चढी राहत असेल, तर डायबेटिसच्या डॉक्टरांना सांगून बालमानसतज्ज्ञांकडे जा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, विनामूल्य मिळते. मुलाला कोणाकडून त्रास होत असेल तर १०९८. रुग्णालयात बसून मुलांच्या चित्रांना गुण देण्याच्या पद्धतीही आहेत, पण त्यांना प्रशिक्षण लागतं. घरी त्या करायच्या नाहीत.

आणि आज रात्री एवढं करा. तिला म्हणा, ‘बिस्किटांवरून मी तुला खूप बोलले, विचारायला हवं होतं, विचारलं नाही.’ मग एक छोटा डबा घ्या, त्यात डॉक्टरांनी सांगितलेलं ग्लुकोज आणि बरोबर चालणारा खाऊ ठेवा, डब्यावर तिला हवं ते चित्र काढू द्या, हव्या त्या रंगात, आणि तो तिच्या उशाशी, हात पोचेल असा ठेवा. रात्री काही वाटलं तर आधी आईला हाक, मग डबा, हे दोघींनी मिळून एकदा करून बघा, दिवा मालवून.